शहाण्णव तास

नाशिकला आमच्या कॉलेज रोडवरच्या चहावाल्याकडे उधारीची एक काळी पाटी आहे. तिच्यावर नावं नसतात, खुणा असतात. ‘पांढरी अ‍ॅक्टिव्हा ४०’, ‘एलआयसी ६५’, ‘वकील’. वकिलांपुढचा आकडा सतत बदलतो म्हणून तो फडक्याऐवजी बोटानेच पुसला जातो. मी त्या पाटीवर ‘पेपरवाले’ आहे.

२०२३ च्या जूनमध्ये याच पाटीच्या वरच्या कोपऱ्यात एक वेगळाच आकडा आला. मंगळवारी सकाळी ५६. बुधवारी ३२. गुरुवारी सकाळी फक्त ८. ‘टायटन’ पाणबुडीत किती तासांचा प्राणवायू उरला, त्याचा तो हिशेब. रविवारी, १८ जूनला, टायटॅनिकचा सांगाडा बघायला पाच माणसं घेऊन ती अटलांटिकमध्ये उतरली आणि पावणेदोन तासांत तिचा वर थांबलेल्या जहाजाशी संपर्क तुटला. आत शहाण्णव तास पुरेल एवढा प्राणवायू, असं कंपनीनेच सांगितलेलं. टीव्हीवाल्यांनी पडद्याच्या कोपऱ्यात उलटं घड्याळ लावलं, आमच्या चहावाल्याने पाटी.

त्या वर्षी पाऊस लांबला होता. एरवी कट्ट्यावर एकच प्रश्न असायचा, गंगापूर धरणात किती उरलंय? त्या आठवड्यात ‘किती उरलंय?’ म्हटलं की समोरचा तास सांगायचा.

हसणंही भरपूर झालं, ते लपवण्यात अर्थ नाही. माणशी अडीच लाख डॉलर, म्हणजे दोन कोटींचं तिकीट, आणि पाणबुडी चालवायला व्हिडिओ गेमचा कंट्रोलर! कॉलेजची पोरं मोबाइल एकमेकांपुढे धरून खिदळत होती. मीही हसलो. दोन कोटी देऊन मरायला जायचं म्हणजे काय, हे वाक्य तीन दिवसांत मी निदान दहा तोंडांतून ऐकलं असेल. मग कुणीतरी शोधून काढलं, की आतल्या हॅमिश हार्डिंग यांचा नामिबियाहून भारतात चित्ते आणण्याच्या प्रकल्पात हात होता. झालं. ‘तो श्रीमंत’ एका सकाळीत ‘आपला चित्तेवाला’ झाला आणि त्याच्यावरचे विनोद थांबले. उरलेल्या चौघांवरचे चालू राहिले.

एक जण मात्र पहिल्या दिवसापासून हसला नाही. आमचे शेजारी, ओझरला एचएएलमध्ये तपासणी विभागात हयात घालवलेले काका. बुधवारी बातमी आली की पाण्याखालून दर अर्ध्या तासाने ठोकल्यासारखा आवाज येतोय. कट्टा उसळला. “जिवंत आहेत! आतून ठोकतायत!” काका बशीतला चहा संपेपर्यंत गप्प होते. मग म्हणाले, “काही ठोकत नाहीये. ती कधीच गेली.”

“असं कसं म्हणता काका?”

“अहो, कार्बन फायबरची नळी आणि दोन्ही टोकांना टायटॅनियम. एक ताणायला चांगलं, दुसरं दाबायला. आमच्याकडे एक रिव्हेट बदलला तरी तीन सह्या लागायच्या. यांच्या पाणबुडीवर कुणाचीच सही नाही.”

खाली किती दाब असतो, असं चहावाल्याने विचारलं. काकांनी आपला अंगठा पुढे केला. टायटॅनिक पडलंय तिथे पाणी ३८०० मीटर. एवढ्याशा नखावर जवळपास चारशे किलो. “लासलगावच्या आठ गोणी कांदा,” काका म्हणाले, “एकेका नखावर. सगळ्या अंगभर.” चहावाल्याने स्वतःच्या नखाकडे बघितलं आणि गाळणी आपटायला घेतली.

सही नाही, हे काकांचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. कुठल्याही स्वतंत्र संस्थेकडून त्या पाणबुडीचं प्रमाणन झालेलं नव्हतं, आणि कंपनीचे प्रमुख स्टॉकटन रश यांना २०१८ पासून या क्षेत्रातले जाणते लोक सावध करत होते. ते स्वतःही आतच होते. टायटॅनिकपर्यंत ३७ वेळा जाऊन आलेले पॉल-हेन्री नार्जोले होते. मूळचे पाकिस्तानी शहजादा दाऊद आणि त्यांचा एकोणीस वर्षांचा मुलगा सुलेमान होते. त्या पोराने रुबिक क्यूब बरोबर नेला होता. समुद्राच्या तळाशी तो सोडवून विक्रम करायचा होता त्याला. हे नंतर त्याच्या आईने सांगितलं आणि ते वाचलं त्या दिवशी मला आमच्या कट्ट्यावरचं हसणं आठवून कानकोंडं व्हायला झालं. विनोदांच्या त्या चित्रांत रुबिक क्यूब कुठेच नव्हता.

त्याच सुमाराची दुसरी गोष्ट पाटीवर आली नाही. १४ जूनला ग्रीसच्या पायलोसजवळ ‘अड्रियाना’ नावाची मासेमारीची बोट बुडाली. तिच्यावर साडेसातशेच्या आसपास माणसं होती, त्यात शेकडो पाकिस्तानी. वाचली १०४. म्हणजे एकाच देशातली माणसं चार दिवसांच्या अंतराने दोन समुद्रांत बुडाली, एक बापलेक दोन कोटींच्या तिकिटावर आणि बाकीची कर्ज काढून दलालाला पैसे मोजून. कट्ट्यावर या बोटीचा उल्लेख मी ऐकला नाही. मीही केला नाही. पेपरवाला असून.

याचा राग येऊन लोक लिहीत होते, ते बरोबरच होतं. पण मला त्यात थोडी गंमतही वाटते, कारण आम्हा नाशिककरांना बुडत्याकडे बघण्याची सवय पिढीजात आहे. आमच्याकडे ‘पूर बघायला जाणे’ हा रीतसर कार्यक्रम असतो. गोदेचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्याला लागलं, अशी मोजणी करत माणसं मुलाबाळांना घेऊन निघतात. २ ऑगस्ट २०१६ ला असाच मोठा पूर आला होता. सराफ बाजारात पाणी. मी छत्री घेऊन गर्दीत उभा होतो, हातात भाजलेलं कणीस. पाण्यातून एक टपरी अख्खी वाहत आली, तिच्यावरचा थंड पेयाचा फलक अजून सरळ, आणि गर्दीतून चक्क टाळी पडली.

त्याच रात्री महाडला सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पडला. दोन एसटी बस आणि इतर गाड्या अंधारात सरळ नदीत गेल्या. मग सगळा महाराष्ट्र महाडकडे बघत बसला. क्रेनला तीनशे किलोचं लोहचुंबक बांधून ते पुरात सोडलेलं, नौदलाचे पाणबुडे, तटरक्षक दलाची हेलिकॉप्टरं. चुंबकाला काहीतरी लागलं की ब्रेकिंग न्यूज. काठावर नातेवाईक, हातात फोटो. पहिल्या बसचा सांगाडा मिळायला नऊ दिवस लागले, तोही पुलापासून फार लांब नव्हता. सावित्रीला मात्र कुणी घड्याळ लावलं नाही. नदीत पडलेल्या बसमध्ये किती तास उरतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

आपल्याकडचा हिशेब वेगळा असतो. तो मी सोमेश्वरला ऐकला होता, बऱ्याच वर्षांपूर्वी, धबधब्याखालच्या डोहात एक कॉलेजचा मुलगा गेला तेव्हा. दुपारी गेला, संध्याकाळ होत आली होती. शे-दीडशे माणसं खडकांवर, त्यात भेळवालाही येऊन पोचलेला. पाण्यात उतरणारा माणूस चाळिशीचा असेल. वर आला, खडकावर बसला, कुणीतरी दिलेली बिडी ओठांत धरली. हात एवढे गारठलेले, की काडी दुसऱ्याने ओढली. मी विचारलं, खाली दिसतं का काही? म्हणाला, “दिसत न्हाई साहेब. डोळे मिटूनच घ्यायचे. हातानं चाचपायचं. दगड कोणता, माणूस कोणता, हाताला कळतं.” मग आवाज खाली आणून, “न्हाई सापडला तर तिसऱ्या दिशी आपोआप वर येतो.”

मुलाचा बाप चार पावलांवर बसला होता. त्याने ते ऐकलं. उठून आला आणि म्हणाला, “दादा, अजून एकदा बघा.” तिसरा दिवस त्यालाही माहीत होता. त्या माणसाने बिडी विझवून कानावर ठेवली आणि परत उतरला.

सुलेमानची आई आणि बहीण ते चार दिवस वरच्या जहाजावर, ‘पोलर प्रिन्स’वर होत्या. शहाण्णव तास उलटले तेव्हा आपली आशा सुटली, असं त्या माउलीने पुढे सांगितलं. म्हणजे आमच्या पाटीवरचा तो आकडा, खडूने लिहिलेला, पांढऱ्या अ‍ॅक्टिव्हाच्या वरचा, तोच ती तिकडे समुद्रात मोजत होती.

आणि तो आकडा पहिल्यापासून पोकळ होता. पाणबुडी रविवारीच चिरडली गेली होती. अमेरिकी नौदलाच्या यंत्रांनी त्याच दिवशी तसा आवाज टिपला होता, पण खात्री नव्हती म्हणून शोध थांबवला नाही. ते ठोकणं कसलंतरी भलतंच निघालं. पुढे चौकशीत कळलं, आतून आलेला शेवटचा निरोप दोन वजनं टाकल्याचा होता. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकी तटरक्षक दलाचा तीनशेवर पानांचा अहवाल आला, त्यात हा अपघात टाळता येण्याजोगा होता असं म्हटलं आहे. काकांनी ती बातमी मला पाठवली. खाली फक्त एक शब्द लिहिला होता, ‘सही’.

गुरुवारी, २२ जूनला, पाचच्या चहाला पाटीवर शून्य झालं. कुणी काही बोललं नाही. मग एलआयसीवाले म्हणाले, “हळू श्वास घेतला तर थोडं जास्त पुरतं म्हणे.” दोघातिघांनी माना डोलावल्या. काकांनीही. चहावाल्याने शून्य तसंच ठेवलं.

शुक्रवारी सकाळी आम्ही पोचलो तेव्हा बातमी आलेली होती. टायटॅनिकच्या नाळेपासून सुमारे पाचशे मीटरवर तुकडे सापडले होते. चहावाला ओल्या फडक्याने पाटी पुसत होता. कोपरा पुसताना खालचंही निम्मं गेलं.

“पेपरवाले,” तो म्हणाला, “तुमचे किती होते?”

मी पंचावन्न सांगितले. होते साठ. संध्याकाळी पाच रुपये नेऊन दिले.