वेगाच्या नावाखाली लगाम

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नियमित पाठबळ थांबवले आणि जुने संगणक वापरणाऱ्यांपुढे पेच उभा राहिला. विंडोज ११ जुन्या प्रोसेसरला दारात उभे करीत नाही. नवे यंत्र घ्यावे तर खिशाला चाट. तेव्हा आहे तेच यंत्र चपळ करता आले तर पाहावे, असे वाटणे स्वाभाविकच आहे. या गरजेवर जे हमखास तोडगे सांगितले जातात, त्यांतला एक मुळातच उलटा आहे.

विंडोजच्या ‘एमएसकॉन्फिग’मध्ये प्रोसेसरची संख्या आणि कमाल मेमरी अशा दोन चौकटी आहेत. तिथे खूण करा, सर्वांत मोठा आकडा निवडा, संगणक पळू लागेल, असा सल्ला. वास्तविक खूण नसतानाच विंडोज सगळे प्रोसेसर आणि वापरता येईल तेवढी सगळी मेमरी वापरते. या चौकटी आहेत त्या मर्यादा घालण्यासाठी. आपला ड्रायव्हर एकाच प्रोसेसरवर किंवा तुटपुंज्या मेमरीत कसा वागतो, हे प्रोग्रॅमरला वेगळे यंत्र न आणता तपासता यावे, एवढाच त्यांचा हेतू. त्याच खिडकीत खाली ‘डीबग’ असा शब्द ठळकपणे दिसतो, पण तो वाचतो कोण? मोठा आकडा निवडला तर फायदा शून्य. मेमरीची मर्यादा मात्र तशीच राहते, आणि पुढे पदरमोड करून नवी मेमरी बसवली तरी ती वापरातच येत नाही. अशा वेळी ही खूण काढा, असे मायक्रोसॉफ्टच सांगते.

मग लोकांना फरक जाणवतो तो कसा? बदल लागू करण्यासाठी यंत्र पुन्हा सुरू करावे लागते, आणि नुसत्या तेवढ्यानेही ते काही काळ हलके वाटते. श्रेय जाते चौकटीला!

हे अज्ञान घरगुती वापरापुरतेच असते तर एक वेळ चालले असते. लिनक्सवरच्या सर्व्हरांची देखभाल करणारी जाणती मंडळीही यातून सुटलेली नाहीत. २००६ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात ‘ड्रॉप कॅशेस’ ही सोय आली. डिस्कवरून वाचलेला मजकूर लिनक्स रिकाम्या मेमरीत जपून ठेवतो आणि कोणा प्रोग्रॅमला जागा लागली की सोडून देतो. पण मेमरी भरलेली दिसली की धसका बसतो, आणि दर तासाला हा साठा ओतून टाकण्याची व्यवस्था लावली जाते. मग प्रत्येक वेळी तोच मजकूर नव्याने डिस्कवरून आणावा लागतो. चाचणी व डीबगिंग सोडून अन्यत्र ही सोय वापरू नये, असे गाभ्याच्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिलेले आहे. खरोखर किती मेमरी मिळू शकेल याचा अंदाज देणारा वेगळा आकडाही २०१४ पासून गाभाच पुरवतो.

ही आज्ञा कोणत्या प्रोग्रॅमने दिली, याची नोंदही गाभा करून ठेवतो. पण त्याच ठिकाणी चार हा आकडा लिहिला की ती नोंद बंद करता येते.