सोडलेला मासा जगतो का?

गळाला लागलेला मोठा मासा क्षणभर न्याहाळून पुन्हा पाण्यात सोडून देण्याच्या छंदाकडे आपल्याकडे दोन टोकांच्या दृष्टीने पाहिले जाते. जीव घ्यायचाच नाही तर त्याला छळायचे तरी कशाला, असा एका बाजूचा सवाल असतो. मासा सोडून दिला की प्रश्नच मिटला, अशी दुसऱ्या बाजूची खात्री असते. या वादात एक अगदी साधा मुद्दा मात्र सहसा कोणी विचारात घेत नाही. सोडलेला मासा पुढे जगतो का, आणि तो जगावा यासाठी पकडणाऱ्याच्या हातून नेमके काय घडले पाहिजे? कावेरीतील महाशीर माशाच्या नशिबी आलेली गेल्या काही दशकांची कहाणी पाहता या मुद्द्याला बगल देणे आता परवडणारे नाही.

कावेरी आणि तिच्या उपनद्यांतील महाशीर हा ब्रिटिश काळापासून गळकऱ्यांचे आकर्षण ठरलेला मासा. १९४६ मध्ये म्हैसूरजवळ कबिनी नदीत १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा महाशीर धरला गेल्याची नोंद आहे. पुढे सुरुंगाच्या दारूने मासे मारण्याचे प्रकार वाढले आणि नदी रिती होऊ लागली, तेव्हा बंगळूरच्या गळकऱ्यांच्या संस्थेने आणि कर्नाटक सरकारच्या पर्यटन कंपनीने नदीचे काही पट्टे राखायला घेतले. भीमेश्वरी, गलिबोर, दोड्डमाकळी येथील तळ त्यातूनच नावारूपाला आले. देशोदेशीचे पाहुणे येत, नाचणीच्या पिठाचे गोळे गळाला लावत, टोपलीसारख्या गोल होडीतून माशामागे धावत, आणि तोलून-मापून मासा सोडून देत. पूर्वी चोरून मासे मारणाऱ्या स्थानिकांपैकी काहींना वाटाडे व रक्षक म्हणून रोजगार मिळाला, ही यातली सर्वांत मोलाची गोष्ट. परंतु हा पट्टा १९८७ पासून अभयारण्यात आहे, आणि वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘पकडणे’ हीदेखील शिकारच ठरते. कायद्यातील ‘प्राणी’ या शब्दाच्या व्याख्येत २००३ मध्ये माशांचाही समावेश झाला आणि पुढे अभयारण्यातील गळ बंद झाला. कायद्याच्या दृष्टीने यात काही चूक नाही. मात्र बंदी घालताना या छंदामुळे माशाचे किती बिघडत होते आणि किती सुधारत होते, याचा हिशेब फारसा मांडला गेला नाही.

तो हिशेब माशाच्या शरीरात दडलेला आहे. गळाला लागलेला मोठा मासा जिवाच्या आकांताने ओढ घेतो, तेव्हा त्याचे स्नायू प्राणवायूशिवाय काम करू लागतात आणि रक्तात आम्ल साचत जाते. धडपड जितकी लांबेल तितका हा साठा वाढतो. त्यामुळे बारीक दोरी आणि लवचिक काठी वापरून तासभर ‘झुंज’ देण्यात जी मर्दुमकी मानली जाते, ती माशाच्या दृष्टीने सर्वांत घातक होय. जाड दोरीने मासा झटपट काठाशी आणणे हीच त्याच्यावरची पहिली दया. उन्हाळ्यात तर हे दुपटीने खरे. वीस अंश तापमानाच्या एका लिटर पाण्यात सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तीस अंशांना तो साडेसातवर येतो. दमलेल्या माशाला अधिक श्वास हवा असतो, नेमका तेव्हाच नदीकडे द्यायला कमी असतो.

काठाशी आणलेल्या माशासाठी कोणते जाळे वापरले यावर पुढचे बरेच अवलंबून असते. गाठी मारलेल्या सुतळीच्या जाळ्यात खवले निघतात, पर फाटतात आणि अंगावरचा बुळबुळीत थर खरवडला जातो. हा थर म्हणजे माशाचे चिलखत. तो गेला की बुरशी आणि जंतू यांना वाट मोकळी होते. म्हणून गाठी नसलेले, रबरी धाग्याचे, मासा आडवा मावेल इतके खोल आणि रुंद जाळे हवे. महत्त्वाचे म्हणजे ते वर उचलण्यासाठी नसतेच. जाळ्याचा घेर पाण्यात ठेवून त्याचा तात्पुरता हौद करायचा असतो. मासा त्यात श्वास घेत राहतो आणि गळ काढण्याचे काम पाण्यातच होते. हात ओले हवेत, कोरडे फडके तर मुळीच नको.

गळाची गोष्टही तशीच. टोकाशी उलटा काटा असलेला गळ जितका सहज रुततो तितकाच निघताना मांस फाडतो. हा उलटा काटा पकडीने चेपून टाकला तर चार मासे निसटतील, पण पकडलेला मासा काही सेकंदांत मोकळा होईल. गळ ओठात असेल तर लांब तोंडाच्या पकडीने, तो ज्या वाटेने शिरला त्याच वाटेने मागे काढावा. माशाने तो घशापर्यंत गिळला असेल, तर उपटण्याचा हट्ट धरू नये. दोरी गळालगत कापून मासा सोडणे बरे. ओढाताणीत कल्ले आणि अन्ननलिका फाटून मरण्यापेक्षा गळासह जगण्याची शक्यता अधिक, असे अनेक जातींवरील अभ्यासांतून दिसले आहे.

आणि मग येते छायाचित्र! सगळा घात बहुधा इथेच होतो. कॅनडात १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ट्राउट माशांवरील प्रयोगात, दमवून लगेच पाण्यात ठेवलेल्या माशांपैकी १२ टक्के बारा तासांत मेले. दमवल्यानंतर केवळ तीस सेकंद हवेत धरलेल्यांपैकी ३८ टक्के, आणि एक मिनिट धरलेल्यांपैकी ७२ टक्के. ट्राउट हा थंड पाण्यातला मासा आहे, महाशीरला हेच आकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण पाण्याबाहेर कल्ल्यांचे पापुद्रे एकमेकांना चिकटतात, हे दोघांच्याही बाबतीत खरेच. वीस-तीस किलोंचा मासा जबड्याला धरून उभा लोंबकळवला, तर एरवी पाण्याने तोललेले त्याचे सारे वजन जबड्यावर, मणक्यावर आणि आतल्या अवयवांवर येते. दोन्ही हातांनी, एक शेपटीपाशी आणि एक पोटाखाली असा आधार देत, पाण्यालगत आडवा धरून एकच छायाचित्र घ्यावे, आणि तेही दहा सेकंदांत.

सोडताना तोंड प्रवाहाकडे ठेवून मासा स्वतः शेपटी मारेपर्यंत धीर धरावा. मागे-पुढे हलवण्याची जुनी सवय चुकीची आहे, कारण उलट्या दिशेने पाणी गेल्याने कल्ल्यांचे काम अडते. मासा पालथा केला असता स्वतःहून सरळ होतो का, शेपटी धरताच उसळतो का, या दोन खुणा कोणालाही पाहता येतात. कावेरीतील निळ्या पराच्या महाशीरवर २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शास्त्रज्ञांनी अशाच खुणा वापरल्या. ही जात तशी चिवट ठरली, पण लांबलेल्या झुंजीने तिचीही दमछाक वाढते असे त्यात दिसले. शिवाय कावेरीत मगरी आणि ऊदमांजरे आहेत. झिंगल्यासारखा निघालेला मासा वळणापलीकडे कोणाच्या तोंडी गेला, हे काठावर टाळ्या वाजवणाऱ्याला कधीच कळत नाही.

मात्र मासा कसा सोडला याइतकाच तो कोणता सोडला हाही प्रश्न आहे, आणि इथे महाराष्ट्राचा संबंध येतो. निळ्या पराचा महाशीर हा मूळचा आपल्याकडचा. १८३९ मध्ये कर्नल साइक्स यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील माशांवरून. टाटांच्या वीज कंपनीने लोणावळ्याच्या तलावांकाठी १९७० च्या दशकात त्याची कृत्रिम पैदास यशस्वी केली, आणि तेथील बोटुकली कावेरीतही पोहोचली. हेतू चांगलाच होता. पण गलिबोरच्या १९९८ ते २०१२ या काळातील नोंदी, म्हणजे ६ हजारांहून अधिक पकडलेले मासे, शास्त्रज्ञांनी तपासल्या तेव्हा विचित्र चित्र पुढे आले. माशांची संख्या वाढत होती, सरासरी वजन मात्र घटत होते. नदीचा मूळ रहिवासी, सोनेरी अंगाचा मदार असलेला महाशीर दिसेनासा होत होता आणि त्याची जागा पाहुण्या जातीने घेतली होती. या मूळ माशाची शास्त्रीय ओळख २०१८ मध्ये पक्की झाली आणि त्याच वर्षी तो ‘अतिसंकटग्रस्त’ यादीत गेला. त्याच्या ऱ्हासामागे धरणे, वाळूउपसा आणि सुरुंग हीही कारणे आहेतच. परंतु तो जात आहे हे आकड्यांनिशी कळले ते गळकऱ्यांच्या वह्यांमुळे, हे विसरून चालणार नाही.

गळ बंद झाला आणि या नोंदीही २०१२ ला थांबल्या. रक्षकांचा रोजगार गेला तो वेगळाच. अभयारण्यातील बंदी उठवावी असा याचा अर्थ नाही. परंतु जिथे कायद्याने गळाला मुभा आहे, तिथे परवाना हा केवळ शुल्काच्या पावतीपुरता राहू नये. चेपलेला गळ, गाठी नसलेले जाळे आणि मासा पाण्याबाहेर न काढण्याची अट त्यातच लिहिलेली असावी. पावसाळ्यातील विणीच्या काळात आणि ऐन उन्हाळ्यातील दुपारी गळ बंद राहावा. प्रत्येक माशाची जात, लांबी आणि सोडतेवेळची अवस्था वहीत नोंदवली जावी, ती वही मत्स्य खात्याकडे जावी. मदारीचा महाशीर चुकून लागलाच तर तो जाळ्यातही न घेता पाण्यातच मोकळा करावा, आणि त्याची खबर त्याच दिवशी कळवावी. वाटाड्यांना याचे शिक्षण देण्याचा खर्च पाहुण्यांच्या शुल्कातून सहज निघू शकेल.