ऋजू : रु की रि?



मुलगा होवो की मुलगी, दोघांना चालेल असे नाव आधीच ठरवून ठेवायचे, हे आता आपल्या घरांतही रुळले आहे. आमच्या नणंदेकडे डोंबिवलीत सुनेने 'ऋजू' नाव निवडले. ऋजू म्हणजे सरळ, मनात कपट नसलेला किंवा नसलेली.

मला विचाराल तर याहून जैन नाव मिळणे अवघड. दशलक्षण पर्वातल्या तिसऱ्या दिवसाचे उत्तम आर्जव, तो शब्द याच 'ऋजु'पासून आलेला. महावीरस्वामींना केवलज्ञान झाले त्या नदीला श्वेतांबर ऋजुबालिका म्हणतात, दिगंबर ऋजुकूला. पुढचा शब्द वेगळा झाला, ऋजु दोघांकडे तसाच राहिला.

"पण कळायचं कसं, मुलगा की मुलगी?" असे विचारणाऱ्या आजीबाईंना मी मल्लिनाथांची आठवण करून देते. एकोणिसावे तीर्थंकर श्वेतांबरांत राजकन्या मल्ली, दिगंबरांत पुरुष. त्यामुळे वंदन कोणाचे अडले आहे का?

खरा वाद पेटला तो इंग्रजी स्पेलिंगवरून. आपण मराठी आणि गुजराती माणसे 'ऋ'ला 'रु' म्हणतो, हिंदीत तो 'रि' होतो. म्हणून तर ठाणे-कल्याणच्या एकाच बिल्डिंगमध्ये एका मजल्यावर रुषभ राहतो आणि दुसऱ्यावर रिषभ, दोघेही आदिनाथ भगवानांच्याच नावाचे. सून माहेरची गुजराती, सासर मराठी, दोन्ही घरांत उच्चार 'रुजू'च. तरी कुणीतरी सल्ला दिला, आर-आय लिहा, भारी दिसते. दुसऱ्याने अंकशास्त्र काढले, शेवटी एक यू जादा लावा म्हणे, भाग्य उघडते.

माझे मत स्पष्ट आहे. आर-यू-जे-यू, बस्स. बारशाला आत्या बाळाच्या कानात जे नाव सांगेल, तेच शाळेच्या हजेरीत ऐकू आले पाहिजे. आणि बाई हजेरी घेणार इंग्रजी अक्षरे वाचून. 'कामावर रुजू झाला' म्हणून पोरे चिडवतील, चिडवू देत. जादा यू मात्र मला मुळीच पटत नाही. आपल्या आठ कर्मांत नामकर्म आहे खरे, पण ते शरीर, बांधा, आवाज ठरवते. इंग्रजी अक्षरे वाढवून कोणाच्या कर्माची निर्जरा झालेली मी तरी ऐकली नाही!

घाईही करू नका. जन्माची नोंद आधी नावाशिवाय होते आणि त्यानंतर १२ महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येते. पुढे १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. पण एकदा घातले की नीट घाला, कारण १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, पासपोर्ट, वाहन परवाना, मतदार यादी सगळीकडे जन्मतारखेसाठी हाच दाखला लागणार. १ मे २०२४ पासून महाराष्ट्रात बाळाच्या नावापुढे आधी आईचे नाव येते, मग वडिलांचे, मग आडनाव. तेव्हा आईच्या नावाचे स्पेलिंगही तिच्या आधारकार्डाशी ताडून पाहा, सगळे लक्ष बाळाच्या नावाकडे असते आणि चूक तिथे राहते.

दाखल्यावर नाव मराठीतही छापले जाते. अर्जात 'ऋजू' सुवाच्य लिहा, ऋ ठळक, जू दीर्घ. तोंडी सांगितलेत तर खिडकीपलीकडचा माणूस 'रुजू' लिहून मोकळा होईल.