अ‍ॅप-दुकानांची मक्तेदारी आणि स्वदेशीचा बुरखा

मोबाइलसाठी अ‍ॅप तयार करणारा तरुण प्रोग्रॅमर हा ‘स्वतंत्र उद्योजक’ होय, असे भांडवली वृत्तपत्रे नित्य सांगत असतात. हे स्वातंत्र्य त्याने आपले काम गूगल वा अ‍ॅपलच्या दुकानात दाखल केले की तेथेच संपते. कित्येक महिन्यांच्या श्रमाला उत्तर म्हणून येतो तो एक ठरावीक मायना : अमुक कलमाचा भंग झाल्याने आपले अ‍ॅप नाकारण्यात आले आहे. भंग नेमका कोठे झाला, याचा उलगडा त्यातून बहुधा होत नाही. दाद मागावी तर फिर्यादी, न्यायाधीश आणि अंमलदार एकच!

ग्राहकाच्या सुरक्षिततेसाठी तपासणी हवी, हे आम्हांस मान्य आहे. परंतु ज्यांच्या वसुलीच्या छळाने २०२० साली तेलंगणात कर्जदारांनी आत्महत्या केल्या, ती झटपट कर्जाची अ‍ॅप्स गूगलच्याच दुकानातून आली होती. तेथे दरवान झोपला होता. उलट १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांवर मात्र २० परीक्षकांकडून सलग १४ दिवस चाचणी घेण्याची सक्ती झाली. डिसेंबर २०२४ मध्ये ही संख्या १२ वर आली. कंपन्यांच्या खात्यांना ही अट नाही. नियमाचे वर्गचारित्र्य याहून स्पष्ट ते काय असावे?

आणि ‘आक्षेपार्ह’ म्हणजे काय, हेही पाहा. कोल्टनच्या खाणी, फोन-कारखान्यातील कामगारांच्या आत्महत्या आणि इलेक्ट्रॉनिक कचरा यांवर बेतलेला ‘फोन स्टोरी’ हा खेळ अ‍ॅपलने सप्टेंबर २०११ मध्ये काही तासांतच काढून टाकला. अमेरिकी ड्रोन हल्ल्यांची नोंद देणारे अ‍ॅप २०१२ साली नाकारताना, ते पुरेसे उपयुक्त वा मनोरंजक नाही, असेही कारण देण्यात आले होते!

देशी भांडवलदार या मक्तेदारीशी लढत आहेत, तेव्हा त्यांच्यामागे उभे राहावे, असा एक विचार आपल्याही काही सहकाऱ्यांत डोकावतो. मार्च २०२४ मध्ये गूगलने शुल्काच्या वादावरून विवाहजुळणी व नोकरीविषयक बड्या भारतीय कंपन्यांची अ‍ॅप्स काढली, तेव्हा केंद्रीय मंत्री तत्काळ धावले आणि काही दिवसांत ती परत आली. एकट्यादुकट्या प्रोग्रॅमरसाठी असे कोण धावले? स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये प्ले स्टोअरच्या देयक-सक्तीबद्दल ठोठावलेला ९३६.४४ कोटी रुपयांचा दंड मार्च २०२५ मध्ये अपील न्यायाधिकरणाने २१६.६९ कोटींवर आणला. फेब्रुवारी २०२४ मध्ये वाजतगाजत उघडलेले ‘स्वदेशी’ इंडस अ‍ॅपस्टोअर फोनपेचे, आणि फोनपेची मालकी प्रामुख्याने वॉलमार्टची! मालक बदलल्याने दुकानाची रीत बदलत नाही.

प्रोग्रॅमर हा कोणाचा नोकर नव्हे, म्हणून तो संघटनेच्या कक्षेबाहेर आहे, असे म्हणणाऱ्यांनी विडी कामगारांचा लढा आठवावा. घरी बसून विड्या वळणारी स्त्रीही कारखान्याच्या हजेरीपटावर नव्हती. ‘खराब’ म्हणून तिच्या विड्या बाजूला काढायच्या, मजुरी बुडवायची आणि त्याच विड्या विकायच्या, हा मालकांचा जुना धंदा होता. १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्याने घरखेप कामगारालाही कामगार मानले आणि नाकारलेल्या मालाचा वाद सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्यापुढे नेण्याची तरतूद केली. ही मालकांची कृपा नव्हती. नकाराचे सविस्तर लेखी कारण, निर्णयाला बंधनकारक मुदत, कंपनीबाहेरचे अपील मंडळ आणि अपील चालू असेतो खाते बंद करण्यास मनाई, या मागण्या पुणे, बंगळुरू, हैदराबाद येथील माहिती-तंत्रज्ञान कामगारांच्या संघटनांनी आपल्या मागणीपत्रकात आता घातल्या पाहिजेत.