परसातील पाला



ऑक्टोबराच्या पहिल्या रविवारी आगेराचा सण झाला, की वसईकडील आमच्या घरांतून हिवाळी भाजीच्या वाफ्यांची बोलणी सुरू होतात. ती ऐकताना आम्हांस ग्वाल्हेरचे हरिशंकरपुरम आठवते. नोकरीनिमित्त तेथे गेलेल्या एका वसईकर कुटुंबाकडे आम्ही एकदा जानेवारीत उतरलो होतो.

परसातील आखणी पाहून मन प्रसन्न झाले. घरच्या बाईंनी नाताळापासून दिवस उलटे मोजले होते: मेथीस सुमारे ३० दिवस, मुळ्यास ४५, वाटाण्यास ६० ते ७५, गाजरास ९०. फ्लॉवरची रोपे सप्टेंबरातच गादीवाफ्यावर टाकली. वाटाणा मात्र ऊन उतरेपर्यंत, ऑक्टोबराच्या मध्यापर्यंत, थांबविला. मेथी व मुळा दर पंधरवड्यास थोडाथोडाच पेरला. (एकाच आठवड्यात शंभर मुळे काढणारी घरे आमच्याही धर्मग्रामात आहेत, खाणार कोण, हे देवच जाणे!) नाताळास पहिली तोड मिळाली. वाटाण्याची दुसरी तोड बाईंनी शेजारच्या एका विधवेस कबूल केली होती.

एके सायंकाळी कुंपणापलीकडून शेजारी म्हणाले, "बाबूजी, आज रात को पाला पड़ेगा." आजोबा हसले व आम्हांस हळूच म्हणाले, "पडेना का! सकाळी गोळा करू आणि गल्लीतल्या गाईला घालू." आम्हीही हसलो.

पहाटे वाफ्यांवर मिठासारखे पांढरे कण होते. दुपारपर्यंत वाटाण्याची फुले व कोवळ्या शेंगा काळवंडल्या. तिकडच्या बोलीत पाला म्हणजे पाने नव्हेत, गोठलेले दहिवर, हे तेव्हा उमगले. समुद्राच्या उबेत वाढलेल्या आम्हां वसईकरांस तो ठाऊक असणार कोठून?

शेजारी मुळीच हसले नाहीत. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला, की रात्री जमिनीची ऊब झपाट्याने निघून जाते, असे त्यांनी समजाविले. अशा दिवशी सायंकाळी वाफ्यांस हलके पाणी द्यावे, कारण ओली माती ऊब अधिक धरते; रोपांवर गोणपाट वा गवत पसरावे व सकाळी ऊन येताच काढावे.

विधवा बाईंकडे त्या दिवशी मेथीच्या दोन जुड्या गेल्या. सायंकाळी आजोबा शाल पांघरून, झारी घेऊन उरलेल्या वाटाण्याशी उभे होते, आणि आम्ही गोणपाटाचे दुसरे टोक धरले होते.