‘माझ्याकडे तर चालतंय’ हे उत्तर नव्हे

आपल्या तरुणांच्या ग्रुपवर एक वाक्य वरचेवर वाचायला मिळते : ‘माझ्याकडे तर चालतंय.’ कुणीतरी पायथनची छोटी स्क्रिप्ट टाकतो, दुसरा ती आपल्या कॉम्प्युटरवर चालवून बघतो, ती बंद पडते, तो विचारतो आणि त्याला हे उत्तर मिळते. पुढे तो विचारत नाही. हे आपल्याला जमणार नाही, असे मनाशी ठरवून टाकतो. मेरिटची हीच भाषा आपल्याला कॉलेजात आणि कंपनीत ऐकवली जाते. ती आपल्याच माणसांनी आपल्या माणसांना ऐकवावी, याला आमचा विरोध आहे. शिवाय इथे ती तांत्रिकदृष्ट्याही खोटी आहे.

समजा, ‘बहिष्कृत भारत’चे अंक टाइप करून ठेवले आणि त्यांतून शब्द शोधणारी स्क्रिप्ट लिहिली. लिहिणाऱ्याकडे उबंटू, अभ्यासिकेत विंडोज. उबंटूवर पायथन मजकूर यूटीएफ-८ समजून वाचतो. विंडोजवर एन्कोडिंग सांगितले नाही, तर तो त्या कॉम्प्युटरच्या सेटिंगमधला अक्षरतक्ता धरतो. इंग्रजी सेटिंग असेल तर तो बहुधा १२५२ क्रमांकाचा, म्हणजे पश्चिम युरोपातल्या भाषांसाठी केलेला. त्यात देवनागरी नाहीच. ‘आंबेडकर’ हा शब्द कचरा होऊन का होईना, आत येतो. ‘बुद्ध’पाशी मात्र स्क्रिप्ट कोसळते. कारण ‘बु’चा उकार आणि ‘द्ध’मधला हलन्त यांच्या शेवटच्या बाइटला त्या तक्त्यात जागाच दिलेली नाही. मजकूर साध्या इंग्रजीत असता तर हीच स्क्रिप्ट ‘सगळीकडे चालते’ म्हणून मिरवली असती!

मग मूल कोणाचे कच्चे? चालवणाऱ्याचे की सगळ्यांचे कॉम्प्युटर आपल्यासारखेच असतात असे धरून चालणाऱ्याचे?

उपाय एका ओळीचा आहे : फाइल उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८ असे स्पष्ट लिहायचे. पायथनने ३.१५ आवृत्तीपासून तेच गृहीत धरायचे ठरवले आहे. पण अभ्यासिकेतल्या जुन्या डेस्कटॉपवर ती आवृत्ती कधी पोचणार? काहीजण एररकडे दुर्लक्ष करायची सोय वापरा, असा सल्ला देतात. तो घातक आहे. स्क्रिप्ट चालते, पण न वाचता आलेले बाइट गाळते आणि अंकात ‘बुद्ध’ हा शब्द एकदाही नाही असे बिनदिक्कत सांगते. बंद पडलेली स्क्रिप्ट त्यापेक्षा प्रामाणिक म्हणायची.

उलट दिशेचा त्रासही आहे. विंडोजवर सेव्ह केलेली शेल स्क्रिप्ट लिनक्सवर ‘अशी फाइल नाही’ म्हणते आणि फाइल तर डोळ्यांसमोर असते. विंडोज प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जादा, न दिसणारे चिन्ह टाकते. ते पहिल्या ओळीतल्या ‘बॅश’ला चिकटते आणि लिनक्स त्या भलत्याच नावाचा प्रोग्राम शोधत बसतो. एडिटरमध्ये ओळीचा शेवट ‘एलएफ’ करून पुन्हा सेव्ह केले की काम होते. फाइलच्या नावातली लहान-मोठी इंग्रजी अक्षरेही तपासा. लिनक्स ती वेगळी मानतो, विंडोज सहसा मानत नाही.

म्हणून चळवळीसाठी स्क्रिप्ट देणाऱ्याने ती कोणत्या सिस्टीमवर आणि पायथनच्या कोणत्या आवृत्तीवर चालवली हे लिहावे आणि देण्याआधी अभ्यासिकेतल्या सर्वांत जुन्या कॉम्प्युटरवर एकदा चालवून बघावी. विचारणाऱ्याने ‘चालत नाही’ एवढेच न लिहिता एररचा पूर्ण मजकूर टाकावा. स्क्रीनचा तिरका फोटो नको. पायथनच्या एररमध्ये शेवटची ओळ आधी वाचा, खरे कारण बहुतेकदा तिथेच लिहिलेले असते.