लपलेली वस्तू तिथे असतेच का?



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात अकरावीची चारपाच मुले एका मोबाईलवर डोकी टेकवून बसलेली दिसली. तास मोकळा होता. रागवावे म्हणून जवळ गेलो, आणि खरे सांगायचे तर अर्धा तास तिथेच उभा राहिलो. पडद्यावर एका जुनाट वाड्याचे चित्र होते. कोळिष्टके, फुटकी तसबीर, विझत आलेल्या मेणबत्त्या, आणि खिडकीत मधूनच दिसून नाहीशी होणारी एक पांढरी बाई. खाली दहाबारा वस्तूंची यादी. त्या पसाऱ्यात यादीतल्या वस्तू हुडकायच्या आणि त्यांवर बोट टेकवायचे. सगळ्या सापडल्या की किल्ली मिळते, किल्लीने पुढची खोली उघडते, आणि खोल्या उघडता उघडता त्या बाईच्या मृत्यूचे कोडे उलगडत जाते.

यादी इंग्रजीत होती. त्यात 'बॅट' असा शब्द होता. मुले क्रिकेटची बॅट शोधत होती; चष्मा पुसून मीही शोधू लागलो. पलंगाखाली नाही, कपाटाआड नाही. शेवटी एकीचे बोट चुकून वर तुळईकडे गेले. तिथे वटवाघूळ उलटे लटकले होते! इंग्रजीत दोन्ही 'बॅट'च. "सर, ही तर चीटिंग आहे," मुले एका सुरात ओरडली.

हा खेळाचा प्रकार तसा नवा नाही. 'चित्रात लपलेले दहा प्राणी शोधा' हे कोडे मुलांच्या मासिकांतून आपण सर्वांनी सोडवलेले आहे. त्याला संगणकावर भुताखेतांची कथा जोडली गेली. बिग फिश गेम्स या अमेरिकन कंपनीचा 'मिस्टरी केस फाइल्स : रेव्हनहर्स्ट' हा २००६ सालचा खेळ या जातीतला गाजलेला नमुना. त्यात एका ओसाड वाड्यात वस्तू शोधता शोधता एमा नावाच्या स्त्रीची रोजनिशी तुकड्यातुकड्यांनी हाती लागते. तेव्हापासून या साच्याचे कितीतरी खेळ निघाले आणि आता ते मोबाईलवरून आमच्या बुलडाणा जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांतही पोचले आहेत.

शिक्षकांच्या खोलीत मी हे सांगितले तेव्हा दोघातिघांनी कपाळाला आठ्या घातल्या. एकीकडे आपण अंधश्रद्धेवर भाषणे द्यायची आणि दुसरीकडे मुलांनी भुतांचे खेळ खेळायचे, हे त्यांना पटेना. मला मात्र ही काळजी अनाठायी वाटते. मी वर्गात विचारले, "त्या पांढऱ्या बाईची भीती वाटते का?" वर्ग हसला. खेळातले भूत हे नाटकातल्या राक्षसासारखे असते. पडदा पडला की संपले. मुलांच्या तक्रारी निराळ्याच होत्या. गंजलेली कात्री गंजलेल्याच पत्र्यावर ठेवली, ती दिसणार कशी? बरोबर जागी बोट टेकवले तरी खेळाने ते मोजले नाही. शब्द दुहेरी अर्थाचा वापरला. आणि एक तक्रार तर मला फारच आवडली. काही जण यादी न वाचताच पडद्यावर सगळीकडे बोटे आपटत सुटतात, त्यामुळे त्यांना काहीतरी सापडतेच. "म्हणून चांगल्या खेळात चुकीच्या टिचकीला दंड पाहिजे, सर," एक मुलगा म्हणाला. काही खेळांत तसा दंड असतोही.

या तक्रारी नीट पाहा. शब्दाचा अर्थ आधी ठरवा. बरोबर काय आणि चूक काय याची खूण पक्की असू द्या. चुकलेले नेमसुद्धा मोजा. पदार्थविज्ञानाच्या प्रयोगवहीत मी वर्षानुवर्षे हेच लिहून घेत आलो आहे, आणि माझ्या तासाला जांभया देणारी मुले एका भुताच्या खेळाकडून ते हक्काने मागत होती.

मग माझा आक्षेप कशाला? खेळ गुपचूप एक गोष्ट गृहीत धरायला लावतो, तिला. यादीतली वस्तू चित्रात असतेच! ती नाही, असे कधीच होत नाही. दहा मिनिटे सापडली नाही तरी आपण डोळे ताणत राहतो, कारण आतून खात्री असते. या खात्रीचा नजरेवर केवढा परिणाम होतो हे जेरेमी वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली दाखवून दिले. लोकांना गिचमिड चित्रे देऊन त्यांत एखादे हत्यार आहे का, हे शोधायला सांगितले. निम्म्या चित्रांत हत्यार असे, तेव्हा ते नजरेतून सुटण्याचे प्रमाण सुमारे ७ टक्के होते. शंभरांत एकाच चित्रात हत्यार ठेवले, तेव्हा ते सुमारे ३० टक्क्यांवर गेले. डोळे तेच, चित्रेही तशीच. फक्त अपेक्षा बदलली. विमानतळावर सामान तपासणाऱ्याचे आणि क्ष-किरण चित्रात गाठ शोधणाऱ्या डॉक्टरचे काम किती अवघड असते ते यावरून ध्यानात येईल. त्यांच्यापुढची बहुतेक चित्रे रिकामी असतात.

रिकामे चित्र या खेळात नाही. आमच्या शिवारात मात्र ते पावलोपावली आहे.

चुकीच्या टिचकीला दंड मागणारा तो मुलगा पुढच्याच आठवड्यात दोन दिवस गैरहजर होता. चिखली तालुक्यातले त्याचे गाव. शेतात बोअर मारायचे म्हणून पाणाडी आला होता. मुलाने परत येऊन मोठ्या उत्साहाने वर्णन केले. पाणाडी तळहातावर नारळ आडवा ठेवून शेतभर फिरला, आणि बांधाजवळच्या एका जागी नारळ आपोआप उभा राहिला. मी विचारले, "किती जागी उभा राहिला नाही?" तो गोंधळला. "पूर्वी याने सांगितलेली किती बोअर कोरडी गेली?" ते कोणी मोजले नव्हते. खेळात दंड मागणाऱ्या मुलाला शेतात तो मागावासा वाटला नाही.

पण त्याला हसण्याचा मला अधिकार नाही. आमचे घर घाटाखाली, पूर्णेच्या खोऱ्यात. २०१६ च्या उन्हाळ्यात माझ्या थोरल्या भावाने अशाच एका पाणाड्याच्या शब्दावर बोअर मारले. मी पदार्थविज्ञानाचा एम. एस्सी.; पण वडीलधाऱ्यांपुढे गप्प बसलो. पाणी लागले, भरपूर लागले. गावात पाणाड्याचा जयजयकार झाला. मग ते पाणी तोंडात घेऊन पाहिले तर खारट! आमचा भाग खारपाणपट्ट्याचा. दोन वर्षे ते पाणी दिल्यावर संत्र्याची झाडे पिवळी पडून वाळू लागली. भावाने जाब विचारला तेव्हा पाणाडी शांतपणे म्हणाला, "मी पानी हाये म्हनलं होतं. गोडं हाये असं कवा म्हनलं?" वटवाघळाची आणि बॅटचीच ही कथा, फक्त इथे दंड आम्ही भरला.

आता नारळ उभा कसा राहतो? पाणाडी मुद्दाम फसवतो असे मी म्हणणार नाही. पुष्कळांचा स्वतःचाही विश्वास असतो. आडवा नारळ तळहाताच्या खोलगटपणात कसाबसा तोललेला असतो. तळव्याचे स्नायू किंचित आवळले की गुरुत्वमध्य आधाराच्या एका बाजूला सरकतो आणि नारळ कलतो. स्नायूंची ही हालचाल करणाऱ्यालाही कळत नाही. विल्यम कार्पेंटर या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने १८५२ साली हे मांडले : मनात घोळणारी कल्पना इच्छेवाचूनही स्नायू हलवू शकते. पुढच्याच वर्षी मायकेल फॅरडे यांनी त्यावर एक सुंदर प्रयोग केला. हो, विद्युत्चुंबकीय प्रवर्तनाचा नियम देणारे तेच फॅरडे. त्या काळी लंडनमध्ये मंडळी टेबलाभोवती हात टेकून बसत, आणि टेबल भुताच्या शक्तीने फिरते असे मानीत. फॅरडे यांनी हात आणि टेबल यांच्यामध्ये पुठ्ठ्यांची चळत ठेवली, पुठ्ठे मऊ लांबीसारख्या पदार्थाने एकमेकांना हलकेच चिकटवलेले. टेबल आधी हलले असते तर खालचे पुठ्ठे पुढे गेले असते. गेले ते वरचे! म्हणजे हात टेबलाला ढकलत होते. मग त्यांनी हाताची सरक दाखवणारा एक हलका काटा जोडला. तो काटा बसणाऱ्यांना दिसू लागताच टेबल फिरायचे थांबले.

पाणाड्यांची परीक्षाही झालेली आहे, आणि ती मोठी. जर्मनीत म्युनिकजवळ १९८७-८८ मध्ये एका कोठारात तळमजल्यावर पाण्याचा नळ गाड्यावर ठेवून इकडून तिकडे सरकवला जाई, आणि वरच्या मजल्यावर दहा मीटरच्या रेषेवर चालून पाणाड्याने त्याची जागा सांगायची. सुमारे ५०० उमेदवारांतून ४३ जण निवडले आणि ८४३ चाचण्या घेतल्या. प्रयोग करणाऱ्यांना थोड्या पाणाड्यांत खरी शक्ती दिसली. परंतु जे. टी. एनराइट या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९९९ साली तेच आकडे पुन्हा तपासले. सर्वांत चांगल्या म्हटलेल्या पाणाड्याने दर वेळी डोळे मिटून रेषेचा मध्यबिंदू सांगितला असता, तर त्याचे उत्तर सरासरीने फक्त चार मिलिमीटर अधिक चुकले असते. दहा मीटरमध्ये चार मिलिमीटर!

तरीही गावात पाणाडी खरे का ठरतात? घाटावर आमच्याकडे काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट. त्याच्या वरच्या कुजलेल्या मुरमाच्या थरात आणि खालच्या भेगांत पाणी साठते. चांगला पाऊस झालेल्या वर्षी सखल भागात कुठेही खणले तरी थोडेफार पाणी लागण्याचा संभव असतो. अनुभवी पाणाडी जमिनीचा उतार, झाडोरा, शेजारच्या विहिरी हे सारे नकळत पाहत असतो. त्याचे हे निरीक्षण मोलाचे आहे. नारळाची त्याला गरज नाही.

यंत्राचा मार्ग वेगळा. जमिनीत चार सळया ओळीने ठोकतात, बाहेरच्या दोहोंतून विद्युत्प्रवाह सोडतात आणि आतल्या दोहोंमधला विभवांतर मोजतात. ओहमचा नियम, दुसरे काही नाही. सळया दूर नेत गेलो की प्रवाह अधिक खोल उतरतो. अखंड खडकाचा रोध मोठा, ओल्या मुरमाचा कमी. पण सावध राहा : खारे पाणी आणि चिकणमाती यांचाही रोध कमीच येतो, तेव्हा नुसता 'कमी' पाहून नाचणारा भूवैज्ञानिकही आमच्या भावासारखाच फसेल. यंत्र चुकते. मात्र आकडा कागदावर राहतो आणि चूक कुठे झाली ते पुढच्या वेळी शोधता येते.

याच वाटेने पुढे गेले की गुप्तधनाचा अंधार लागतो. पायाळू माणसाला जमिनीखालचे धन दिसते ही समजूत तुम्ही ऐकली असेल. तिच्यापायी माणसांचे जीव धोक्यात येतात, म्हणून महाराष्ट्राच्या २०१३ सालच्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधन आणि पाण्याचा साठा शोधण्यासाठी केलेल्या अघोरी कृत्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. खरे लपलेले धन आमच्या जिल्ह्यात निघालेही : जून २०२४ मध्ये सिंदखेडराजा येथे लखुजीराव जाधवांच्या समाधीजवळ पुरातत्त्व खात्याला शेषशायी विष्णूची भव्य मूर्ती सापडली. त्या वेळी तिथे समाधीच्या जतनाचे काम चालले होते. थर उकरता उकरता आधी दगड दिसले, म्हणून जपून आणखी खाली गेले. मूर्तीसाठी कोणी नारळ फिरवला नव्हता.

महाविद्यालयात आम्ही एक चाचणी घेतली, ती शिक्षकांनी जरूर करून पाहावी. दहा बादल्या पोत्यांनी झाकायच्या. एकाने चिठ्ठी काढून त्या क्रमांकाच्या बादलीत पाण्याची बाटली ठेवायची आणि खोलीबाहेर जायचे; जाणणारा समोर नको, त्याच्या चेहऱ्यावरून उत्तर कळते. मग दुसऱ्याने नारळ घेऊन शोधायचे. असे वीस वेळा. नुसत्या नशिबाने सरासरी दोन वेळा बरोबर येईल. सहा किंवा अधिक येणे ही शंभरांत एखाद्या वेळची गोष्ट. आमच्याकडे चौघांनी नारळ धरला. सर्वांत मोठा गुण तीन. तो चिखलीकडचा मुलगा वही बघत उभा होता. "सर, पण नारळ तर दर वेळी उभा राहिला," तो हळूच म्हणाला, "रिकाम्या बादलीवरसुद्धा."

त्याने घरी हट्ट धरला आणि बोअरआधी एका भूवैज्ञानिकाला बोलावले. त्यांनी दोन जागा मोजल्या. मुरूम पातळ, खाली बरेच खोलवर अखंड खडक. "छातीठोक सांगता येत नाही, पण पैसे माझे असते तर मी इथे बोअर मारले नसते," असे म्हणून त्यांनी आपली फी घेतली. मुलाचे वडील मला भेटले तेव्हा नाराज होते. "सर, जो मानूस नाही म्हनते, त्याले पैसे कायले द्यायचे?"

मी त्यांना बोअरचा आणि फीचा हिशेब शेजारी मांडून दाखवला. त्यांनी तो ऐकून घेतला, पटला असे काही म्हणाले नाहीत. त्या रब्बीला त्यांनी विहिरीच्या पाण्यावर निघेल तेवढा हरभरा पेरला. बांधाजवळ पाणाड्याने रोवलेली खुंटी अजून तशीच आहे. मुलगा तो वाड्याचा खेळ अजून खेळतो. अकराव्या खोलीत एक 'रिंग' सापडत नाही म्हणून अडला आहे, आणि ती अंगठी आहे की घंटेचा आवाज, असे परवा मला विचारीत होता.